दोन बोटं गेरू

अंबाजोगाई,
२ डिसेंबर २०२४

प्रिय मुंजाजी मामा,

छापलं! पुस्तक छापून झालं! बीडच्या प्रेसमधून फोन आला तेव्हा मी ऑफिसात खुर्चीवर चढून कोळ्याची जाळी काढत होते. तशीच खाली उडी मारली. खालच्या मेडिकलवाल्यांना वाटलं छत पडलं. ते धावत वर आले तर मी आणि आमचे सत्तरीला टेकलेले मोहनराव सर एकमेकांना पेढा भरवायला निघालेलो, आणि पेढे आणलेलेच नाहीत. शेवटी डब्यातला गूळ खाल्ला. मेडिकलवाल्यांनाही दिला.

मामा, तुमचं पुस्तक! वर मोठ्या अक्षरात 'मेंढरू ओळखायचं कसं', खाली 'मुंजाजी शिंगाडे', आणि अगदी बारीक 'शब्दांकन : योगिता'. दोन वर्षं प्रत्येक सुट्टीत मी वही घेऊन तुमच्या कळपामागं पळाले. तुम्ही सांगायचात, निम्मं वारा न्यायचा, निम्मं मी लिहायची. आपल्या घरात बी.ए. झालेली मी पहिली, पण पुस्तक लिहिणारे पहिले तुम्ही. आणि कृपा करून फोन करू नका, पत्र लिहा. फोनवर तुम्ही 'हां, बरं' म्हणता, मधेच 'हुर्रर्र' करता, आणि त्यातलं मला काय आणि मेंढरांना काय ते कळत नाही. शिवाय लेखकानं लिहायची सवय ठेवलीच पाहिजे, मग तो चौथीपर्यंत का शिकलेला असेना.

आता कामाचं सांगते. रविवारी, २२ तारखेला, इथं जिल्ह्यातल्या ग्रंथालयांचं अधिवेशन आहे. गावोगावचे ग्रंथपाल आणि सचिव येतात. तीस प्रकाशक टेबलं मांडून बसतात. ते पुस्तकं चाळतात आणि आवडलं तर मागणीपत्र भरून देतात. त्यात आमच्या तरवड प्रकाशनाचंही एक टेबल. मोहनराव सरांना आता सगळं बंद करून नाशिकला मुलीकडं जायचंय. मी त्यांच्यापुढं हात जोडले. म्हटलं, सर, हातानं काम करणाऱ्यांची पुस्तकं काढू. मामांचं पहिलं, नालबंदाचं दुसरं, सुईणीचं तिसरं. ते म्हणाले, "मुली, पन्नास ग्रंथालयांनी हे पुस्तक मागितलं तर पुढचं काढतो. एकोणपन्नास आली तरी कुलूप." सर शब्दाचे पक्के आहेत, हीच तर पंचाईत.

ऑफिसात गठ्ठे ठेवायला जागा नाही, म्हणून टेम्पो तीनशे प्रती चौसाळ्याला आपल्या घरी उतरवेल. मेंढ्या व्यायला आल्यात, तुम्हाला येता येणार नाही, हे माहीत आहे. आई जीपनं घेऊन येईल. मला एकच धास्ती वाटते. सर सांगतात की मागच्या वेळी शेजारच्या टेबलाची आणि आपली पुस्तकं अशी मिसळली की शेवटी आपल्या गठ्ठ्यात लोणच्याच्या पाककृतींची बावीस पुस्तकं निघाली, आणि आपली बावीस गेली ती गेलीच. तीस टेबलांच्या गर्दीत आपली पुस्तकं कशी सांभाळू?

तुमची भाची (आणि प्रकाशक!),
योगिता

*

चौसाळ्याचा माळ,
९ डिसेंबर

योगिता माय,

तुझं पत्र शेजारच्या साखराबाईनं बाजाराच्या दिवशी आनून दिलं. तीन बार वाचलं. संगं मेंढरं राखनाऱ्या बंकटला बी वाचून दावलं. तो म्हनला, तुझं नाव छापलंय मंजी तुझ्यावर केस झाली काय बे? त्याला घरी नेऊन पुस्तक दावलं तवा गप बसला.

पुस्तक चांगलं हाय. कागद गुळगुळीत हाय. पन वर फोटू कुनाचा हाय? ते पांढरं कापसावानी मेंढरू आपलं न्हाई. आपल्या मुलखातलं बी न्हाई. आपली काळी मेंढरं सोडून हे परक्याचं कावून छापलं? ओळखायचं कसं म्हून पुस्तक, आन् वरचंच मेंढरू लेखकाला ओळखू येईना! बंकट लई हासला. तुझी आई म्हनली, आसूंद्या, गोरं हाय, खपंल.

दुसरं. तुला त्या मोठ्या सभेची धास्ती हाय. ध्यानात धर. कळप दारातून काढायचा आसंल तर शिंगाच्या एडक्यामागं पळायचं न्हाई. तो नुसता मिरवतो. कळपात एक म्हातारी मेंढी आसती, मधी चालती, कुनाच्या नजरंत बी येत न्हाई. ती वळली की समदी वळत्यात. हे मीच सांगितलंय आन् तूच लिवलंय, पन पोरीची जात, लिवलं की इसरती.

पुस्तकं मिसळायची फिकीर सोड. त्याचा बंदोबस्त मी केलाय. आता कुनाच्या बापाच्यानं मिसळायची न्हाईत.

हे पत्र लिवायला दोन दिस लागले. बोटं दुखत्यात.

तुझा मामा,
मुंजाजी (चौथी पास)

*

अंबाजोगाई,
१६ डिसेंबर

मामा,

मुखपृष्ठाबद्दल कान धरून माफी. प्रेसवाल्यांनी कुठूनतरी फोटो उचलला, आणि मी अक्षरांच्या चुका शोधता शोधता मेंढराकडं पाहिलंच नाही. आईचं म्हणणं मोहनराव सरांना सांगितलं. ते हसले नाहीत, पण चष्मा दोनदा पुसला.

गठ्ठे तुम्ही घट्ट बांधले असणार, तुमच्या गाठी कुणाला सुटत नाहीत. मोठीच काळजी गेली.

प्रत्येक प्रकाशकाला स्टेजवर दोन मिनिटं मिळणार आहेत. मी भाषण लिहिलंय. 'ग्रंथ ही समाजाची शिदोरी' असं सुरू होतं. खोलीवरच्या मैत्रिणींनी ते इतक्यांदा ऐकलंय की स्वप्ना आता मला 'शिदोरी' म्हणूनच हाक मारते.

आणि तुमचा सल्ला लक्षात आहे हं! कळप कोणामागं चालतो ते मी शोधून काढलं. अमरसिंहराव, अधिवेशनाचे अध्यक्ष! भलामोठा फेटा, पुढं दोन गाड्या, मागं माणसं. त्यांनी आपलं पुस्तक हातात घेतलं की झालं. दिवसभर त्यांचा पिच्छा सोडणार नाही.

योगिता

*

अंबाजोगाई,
२३ डिसेंबर

मामा, मामा, मामा,

काय केलंत तुम्ही!

सकाळी आठला आई जीपमधून उतरली. नवं लुगडं, हातात तुमच्या पुस्तकाची एक प्रत पदरात गुंडाळलेली. मला सगळ्यांदेखत "मॅडम, गठ्ठे कुठं ठिवू?" म्हणाली. मी लाजले. मग पहिल्या गठ्ठ्याची दोरी सोडली.

तांबडं! पहिल्या प्रतीच्या पानांच्या कडेवर, उजव्या अंगाला, दोन बोटं गेरू. दुसऱ्या प्रतीवर दोन बोटं गेरू. तिसऱ्या गठ्ठ्यापर्यंत मी घामाघूम. आपल्या कळपाची खूण, जी तुम्ही मेंढरांच्या पुठ्ठ्यावर ओढता, ती गठ्ठ्यांतल्या एकूण एक पुस्तकावर! "आई, हे काय?" तर आई कशी ऐटीत म्हणाली, "मुंजानं चार दिस बसून केलंय. आता मिसळू दे म्हनावं!" मोहनराव सरांनी चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा पाहिलं आणि शेजारच्या टेबलावरून खुर्ची ओढून बसले. म्हणाले, "मला चहा सांगा."

मी काय करणार? आईनं स्वतःसाठी आधीच काढून घेतलेली पदरातली प्रत तेवढी कोरी होती. ती टेबलावर उभी केली आणि बाकी सगळे गठ्ठे टेबलाखाली ढकलून वर चादर सोडली. तीनशे प्रतींचं प्रकाशन आणि टेबलावर एक पुस्तक! शेजारचे विचारत होते, बाकीचा माल वाटेत आहे का?

अध्यक्षांच्या मागं मी दुपारपर्यंत पळत होते. मी इकडून गेले की ते तिकडून. एकदा तर जेवणाच्या रांगेत चुकून त्यांच्या ड्रायव्हरलाच अख्खं पुस्तक समजावून सांगितलं. बिचाऱ्यानं सगळं ऐकलं, त्याच्या आजोळी मेंढरं होती.

परत आले तर टेबलाजवळ एक ठेंगण्या बाई वाकून चादर उचलत होत्या. वच्छलाबाई, घाटनांदूरकडच्या एका वाचनालयात एकतीस वर्षं ग्रंथपाल. साधं सुती पातळ, खांद्याला कापडी पिशवी.

"काय गं पोरी, टेबलाखाली काय दडवलंस?"

"काही नाही, बाई."

"काही न्हाई तर घाम कावून फुटलाय? काढ बघू भाईर."

काढलं. त्यांनी प्रत आडवी धरली, उभी धरली, गेरूवर नख घासलं. निघाला नाही. "हे कुनी केलं?" माझ्या तोंडून खरं निघालं. म्हटलं, माझ्या मामांनी, लेखकांनी. पुस्तकं दुसऱ्यांच्यात मिसळू नयेत म्हणून. बाईंनी माझ्याकडं असं पाहिलं, मला वाटलं आता ओरडतात. तर त्या हॉलकडं वळून केवढ्यांदा ओरडल्या, "अगं सुनिता, करिष्मा, हिकडं या! एकतीस वर्षं शिक्का आतल्या पानावर मारतोय आपण येड्यासारखं!"

मग मला कळलं. मामा, गावातली माणसं पुस्तक नेतात आणि परत आणत नाहीत. ग्रंथपाल त्यांच्या घरी जातात तर पुस्तक समोर फळीवर, आणि ते म्हणतात, हे आमचंच आहे. शिक्का आत, कोण उघडून बघणार? पण पानांच्या कडेला तांबडं असेल तर दारातूनच दिसतं! "कोणाचं हाय ते सांगायची गरजच न्हाई," बाई म्हणाल्या आणि टेबलावर थाप मारली. कोरं पुस्तक खाली पडलं. कुणी उचललं नाही. सगळ्यांना खुणेचं हवं होतं.

आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मधे चालणारी. कुणाच्या नजरेत न येणारी. मी स्वतःच्या हातानं लिहिलेलं विसरून दिवसभर फेट्यामागं पळत होते! आणि ती वळली मामा, आणि टेबलाभोवती एवढी गर्दी झाली की मोहनराव सर चहाच्या कपासह भिंतीला लागले.

मला मात्र मधेच वाईट वाटायला लागलं. सगळे गेरू बघत होते, पुस्तक कोण बघतंय? तेवढ्यात स्टेजवरून नाव पुकारलं. शिदोरी कुठल्या कुठं गेली. हातात होतं ते पुस्तक उघडलं आणि तुमचंच वाचलं : "मेंढरू तोंडावरून ओळखू नये, तोंडं समद्यांची सारखी. चालीवरून ओळखावं. रोज मान वर करून आपल्याकडं बघतं ते बरं आहे. ज्या दिवशी बघायचं सोडेल त्या दिवशी इतर कामं ठेवून त्याच्याजवळ बसावं." तिथंच थांबले. मग वच्छलाबाईंनी टाळ्या सुरू केल्या. आई मागं उभी राहून शेजारणीला सांगत होती, "माझा भाऊ हाय. लहानपनी लई मार खायचा."

तेव्हा सगळं छान झालं. काळजी करू नका. अध्यक्ष लवकर गेले, त्यांना काम होतं. सगळं अगदी छान झालं.

तुमची,
योगिता

*

चौसाळ्याचा माळ,
३० डिसेंबर

योगिता माय,

पत्र वाचून बंकट आन् मी आसं हासलो की मेंढरं बिचकली. त्या वच्छलाबाईला माझा रामराम सांग. शानी बाई हाय.

आता एक इचारतो, खरं सांग. सांजच्याला बंकट मेंढरं घेऊन येतो. एखाद दिस येतो तवा चारा कसा हुता, पानी कुठं पाजलं, वाटंत कोन भेटलं, समदं सांगतो. किती आली ते सांगत न्हाई. तवाच मला कळतं, एखादं मागं ऱ्हायलंय.

तू चार पानं लिवलीस. 'छान झालं' दोनदा लिवलंस. आकडा कावून न्हाई?

मामा

*

अंबाजोगाई,
४ जानेवारी २०२५

मामा,

अडतीस.

पन्नासला बारा कमी. तुमच्यापासून काही लपत नाही हे मला आठवायला हवं होतं.

अध्यक्षांना काम नव्हतं. टाळ्या झाल्यावर अमरसिंहराव टेबलाजवळ आले. मी किती वेळ वाट पाहत होते त्या क्षणाची! त्यांनी दोन बोटांत प्रत धरली आणि म्हणाले, "ताई, आमच्या ग्रंथालयांना नवी पुस्तकं लागतात. ही रंगपंचमी खेळून आलेली दिसतात." सगळे हसले. त्यांच्याबरोबर आलेल्या बारा ग्रंथालयांच्या सचिवांनी भरत आणलेली मागणीपत्रं घडी करून खिशात घातली. एकानं माझ्यासमोर फाडलं. तो हसत नव्हता, त्याला वाईट वाटत होतं, आणि त्याचंच मला जास्त लागलं.

हे लिहिलं नाही, कारण तुम्ही म्हणाला असता, माझ्या गेरूमुळं बारा गेली. तसं म्हणायचं नाही. अडतीस आली तीही गेरूमुळंच.

मोहनराव सरांनी जानेवारी संपेपर्यंत मुदत दिलीय, कारण काही ग्रंथालयांच्या समितीची बैठक झाल्याशिवाय ठराव होत नाही. पण अधिवेशनानंतर एकही पत्र आलेलं नाही. सर कपाटं आवरताहेत. काल त्यांनी मला त्यांचा स्टेपलर दिला, "ठेव तुझ्याकडं" म्हणाले. मी घेतला नाही. स्टेपलर घेतला म्हणजे मान्य केल्यासारखं होईल.

तुमची,
योगिता

*

चौसाळ्याचा माळ,
९ जानेवारी

माय,

अध्यक्षाचं बी चुकलं न्हाई. दुसऱ्याची खून आसलेलं मेंढरू कुनी आपल्या दारात घेत न्हाई. चोरीचं समजत्यात. मला हे कळाया पायजे हुतं. तू रडू नको.

हितला चारा सरला. आमी उद्या निघतो. मेंढरांबरोबर गावं लागत्यालच. पिशवीत पाच पुस्तकं घेतल्यात, तुझ्या आईनं सभेतून परत आनलेल्यातली.

स्टेपलर घेऊ नको.

मामा

*

अंबाजोगाई,
२० जानेवारी

मामा!!

तुम्ही काय करत फिरताय? मला खरं खरं सांगा, मी रागावणार नाही. खरं तर मी आनंदानं येडी झालेय, मोहनराव सरही झालेत, फक्त ते दाखवत नाहीत.

मंगळवारी पहिलं पत्र आलं. एका वाचनालयाच्या सचिवांचं. जसंच्या तसं उतरवते :

"महोदय, आपले लेखक दि. ११ रोजी आमच्या वाचनालयात येऊन गेले. आमचं पुस्तक इथं आहे का, असं त्यांनी विचारलं. नाही म्हटल्यावर, बरं, असू द्या, असं म्हणून ते आवारात लिंबाखाली बसले. त्यांच्यासोबत अंदाजे दोनशे मेंढ्याही बसल्या. दुपारपर्यंत कोणीच उठलं नाही. दरम्यान वाचकांनी लेखकांना प्रश्न विचारले. लेखकांनी आमच्या अध्यक्षांच्या शेळीचा पाय पाहिला व उपाय सांगितला. शेळी चालू लागली आहे. समितीनं तातडीची बैठक घेऊन ठराव मंजूर केला. प्रत पाठवावी. ता.क. आवारातील गुलाबांना वर्षभराचं खत मिळालं, त्याबद्दल आभारी आहोत."

सरांनी हे पत्र उभं राहून वाचलं. मग मला म्हणाले, "पुन्हा वाच." मी वाचलं. मग ते मेडिकलमध्ये जाऊन वाचून दाखवून आले.

त्यानंतर रोज एक-दोन! एक ग्रंथपाल लिहितात, वाचकांनी लेखकाला प्रत्यक्ष पाहिलं हे गावात पहिल्यांदाच घडलं. लेखक जिवंत असतात हे मुलांना माहीत नव्हतं. एकानं विचारलंय, लेखक पुन्हा कधी चरायला येतील? आणि, मामा, ज्यानं माझ्यासमोर कागद फाडला होता ना, त्याचं पाकीट आलं. आत चिकटपट्टीनं जोडलेलं तेच मागणीपत्र! कोपऱ्यात लिहिलंय, "कृपया तांबड्या खुणेचीच प्रत द्यावी. अमरसिंहरावांना कळवू नये."

सेहेचाळीस! अजून चार! सरांनी कपाट आवरणं थांबवलंय. निम्मी पुस्तकं जमिनीवर, निम्मी वर, आणि ते मधे बसून पोस्टमनची वाट बघतात. मेंढरांना माझा मुका.

योगिता

*

मांजरसुंब्याच्या अलीकडं,
२६ जानेवारी

योगिता माय,

मी काय बी केलं न्हाई. कळप जिथं बसला तिथं बसलो. लोकांनी इचारलं ते सांगितलं. एका गावात तर मास्तरनं मला खुर्चीवर बसवून पोरांकडून टाळ्या वाजवल्या. मला लई अवघड झालं. खुर्ची हालत हुती.

तुझं पत्र गावच्या येशीकडच्या हाटेलात मिळालं, तुझ्या आईनं जीपवाल्याजवळ धाडलेलं. चार कमी हायत म्हनतीस. मला आकड्यातलं कळत न्हाई, पन एक कागद यासंगं धाडतो. हितं रानात मेंढरांच्या वाड्यावर आमी नऊ घरं मुक्कामाला हावोत. पिशवीतलं एकच पुस्तक उरलंय. त्याच्यावरून भांडनं व्हाया लागली. बंकट म्हनतो मी आदी, अजिनाथ म्हनतो मी आदी, अजिनाथची सून सातवी शिकलीय ती म्हनती तुमाला दोघांला वाचता कुठं येतं, द्या हिकडं. मंग मी वही केली. कुनी नेलं, कधी नेलं, कधी आनलं. दोन दिसांच्या वर ठिवलं तर वाड्याभवती झाडलोट. आता भांडन न्हाई.

पुस्तकात घातलेल्या तुझ्या मागनीच्या कागदावर नाव, गाव, समदं इचारलं हुतं. सुनेनं भरून दिलंय. बसत आसंल तर बसव. न्हाईतर फाडून टाक, मला राग न्हाई.

मामा

*

अंबाजोगाई,
३१ जानेवारी

मामा,

घाईत लिहितेय, अक्षर समजून घ्या.

काल एकोणपन्नास झाली होती. आज शेवटचा दिवस. पोस्टमन अकराला येतो. आज बारा वाजले, साडेबारा झाले. वच्छलाबाई मुद्दाम पहिल्या बसनं येऊन बसल्या होत्या. मोहनराव सरांनी टेबलावर कुलूप ठेवलेलं होतं. खरंखुरं कुलूप, किल्लीसकट. पाऊण वाजता पोस्टमन आला आणि तुमचं पाकीट एकटंच निघालं.

सरांनी कागद हातात घेतला आणि मोठ्यानं वाचला :

"ग्रंथालयाचं नाव : मेंढरांचा वाडा वाचनालय. पत्ता : सध्या मांजरसुंब्याच्या अलीकडं, पुढच्या महिन्यात मेंढरं ठरवतील. ग्रंथपाल : मुंजाजी शिंगाडे. वाचक : नऊ घरं. एकूण पुस्तकं : एक. कपाट : नाही. मागणी : आणखी एक प्रत. शिक्का : नाही, सही आहे."

कुणी हसलं नाही. सरांनी चष्मा पुसला. "हे ग्रंथालय नाही," ते म्हणाले. "नोंदणी नाही, इमारत नाही, कपाट नाही. पुस्तक एक!"

मी काही बोलणार तोच वच्छलाबाई पिशवीतून पानाचा डबा काढत म्हणाल्या, "मोहनराव, मी एकतीस वर्षांपूर्वी आमच्या वाचनालयाचा चार्ज घेतला तवा अकराशे पुस्तकं होती. कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली सापडत नव्हती. सहा महिने एक पुस्तक भाईर गेलं न्हाई. त्याला तुमी ग्रंथालय म्हणाल?"

"तो प्रश्न वेगळा."

"कसा वेगळा? इथं एकच हाय, पण त्यासाठी भांडणं लागल्यात. वही हाय. उशीर केला तर झाडलोट हाय. माझ्याकडं तर दंडाचा नियम लोक वाचत बी न्हाईत."

सर उठले. खिडकीशी गेले. परत आले. "योगिता, मी तुला नक्की काय शब्द दिला होता?"

"पन्नास ग्रंथालयांनी मागितलं तर पुढचं काढतो, सर."

"ग्रंथालयं एका जागी उभी असली पाहिजेत, असं म्हणालो होतो?"

"नाही सर."

"मग," ते म्हणाले, आणि मामा, त्यांनी कुलूप उचलून ड्रॉवरमध्ये टाकलं, "नालबंदाला फोन लाव."

मी किंचाळले. मेडिकलवाले पुन्हा वर आले. या वेळी त्यांनीच पेढे आणले होते! वच्छलाबाईंनी सरांना भरवला, सरांनी मला, मी पोस्टमनला. सर आता तुमच्यासाठी दुसरी प्रत स्वतः कागदात गुंडाळताहेत. फक्त ती कुठल्या पत्त्यावर पाठवायची ते तेवढं मेंढरांना विचारून कळवा.

तुमची,
योगिता

*

पोस्टकार्ड
५ फेब्रुवारी

माय,

बीडकडं सरकतोय, पत्ता नंतर. पुस्तक सुनेनं नेलंय, अजून आनलं न्हाई. म्हनती सासूला वाचून दावतीय, संपलं की परत पयल्यापासून. झाडलोट कबूल हाय म्हनती, पन पुस्तक देत न्हाई. वाचनालय रिकामं पडलंय. बाया रोज येऊन नवं काय आलं इचारत्यात, मला तोंड दावाया जागा न्हाई. नालबंदाला म्हनावं, लवकर बोल.

ग्रंथपाल,
मुंजाजी